वाणातला करंडा

माझी स्कूटर गल्लीत शिरली की बायका बोलायच्या थांबतात. कुणी वाळत घातलेले कपडे गोळा करायला लागते, कुणी पोराला उगीच हाक मारून आत नेते. मी पुढे निघून गेले की मागे सगळ्या पुन्हा बोलायला लागतात. ज्या दारी थांबते तिथे मात्र कुणी काही बोलत नाही. मला पाठीमागे 'कावळा' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणेनात का! कावळा निदान पाहुणा येणार म्हणून ओरडतो. मी ज्याची वर्दी देते त्या पाहुण्यासाठी कुणी पाट मांडत नाही.

मी स्वरूपा निकम. कराडच्या मूठ निधीत लोकशिक्षणाचं काम करते. मूठ म्हणजे खरीखुरी मूठ. कृष्णाकाठच्या गावांतल्या बायका रोज भात टाकताना, भाकरीचं पीठ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकतात. बाजाराच्या दिवशी ते धान्य विकलं जातं आणि आलेला पैसा कर्करोगाच्या संशोधनाला लागतो. आमच्या भागात शाळा आणि वसतिगृहं अशीच उभी राहिली, मग प्रयोगशाळा का नको, असं म्हणून काही हट्टी माणसांनी हे सुरू केलं. तेव्हा मोठ्या शहरांतले शास्त्रज्ञ हसले होते. पुढे त्यांच्यातलेच काही आमच्याकडे कामाला आले.

मी इथे आले ती माझ्या थोरल्या दिरांमुळे. विश्वास भावजींच्या पोटात दुखायचं. आम्ही पित्त समजून ओवा चारत राहिलो. कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि कळल्यावर त्यांनी जेवणच सोडलं. आमच्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत ते गेले. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, आम्ही जयमाला आक्का म्हणतो. आक्का अजून त्याच खोलीत राहतात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी निधीत जाणार म्हटल्यावर, त्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "स्वरूपा, तू लोकांचं कर. पण तुझी ती तपासणी माझ्यापर्यंत आणायची नाही. मला कधी काही कळू द्यायचं नाही. शपथ आहे तुला माझी."

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला ती शपथ सोयीचीच वाटली. मी घाबरट बाई आहे.

आता ती तपासणी काय ते सांगते. गावोगावच्या सभांत सांगते तसंच सांगते, म्हणजे कुणाला अवघड जाणार नाही.

शरीरातली पेशी बिघडली की ती साखर वेगळ्या तऱ्हेने जाळते. तिच्या वेष्टनातली चरबीही वेगळ्या तऱ्हेने तुटते. त्यातून काही वायू सुटतात, ते रक्तात मिसळतात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासावाटे बाहेर. म्हणजे गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी माणसाच्या श्वासाचा वास बदललेला असतो. तो ओळखायला आपलं नाक पुरत नाही. रेशमाच्या किड्याचा नर पतंग मात्र या बाबतीत उस्ताद. त्याच्या मिशांवर अशी प्रथिनं असतात की वाऱ्यावर आलेले मादीच्या वासाचे मोजके कणसुद्धा त्याला जाणवतात. आमच्या डॉ. फरीदा बागवान यांनी ती प्रथिनं प्रयोगशाळेत तयार केली, त्यांत फेरफार करून एकेकाला एकेका वायूची चटक लावली आणि नखाएवढ्या चकतीवर बसवली.

पण श्वास प्रत्येकाचा निराळा. कुणी लसूण जास्त खातं, कुणी मिश्री लावतं. म्हणून ही चकती पहिला महिनाभर नुसती मालकिणीची ओळख करून घेते. नंतर रोजचा श्वास तिच्याच आधीच्या श्वासाशी ताडून बघते. मध्येच दुसऱ्या कुणी फुंकर घातली तर ती परक्याची म्हणून सोडून देते. मालकिणीच्याच श्वासाने वळण बदललं, तरच आमच्या प्रयोगशाळेत खूण उमटते.

फरीदाताईंना ही चकती पेनासारख्या नळीत बसवायची होती. मी म्हटलं, "नळ्या फुंकून आमच्या आज्यांचे डोळे गेले, आता कोण फुंकणार? कुंकवाचा करंडा करा. झाकणाच्या आत आरसा लावा. सकाळी बाई आरशापाशी तोंड नेणारच. आणि तुमच्या मोहल्ल्यासाठी सुरमेदाणी करा." पुढे मीच सुचवलं की हे करंडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटावेत, कारण वाण कुणी नाकारत नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

बायकांनी सभेत काही अटी घातल्या. करंडा बाहेरून साध्या पितळी करंड्यासारखा दिसावा, म्हणजे आल्यागेल्याला कळणार नाही. तो कुठल्या घरात आहे हे यंत्राला कळता कामा नये, फक्त घेताना सांगितलेलं नाव कळावं. आणि काही निघालंच, तर फोनवर न कळवता माणसाने घरी येऊन सांगावं. ते माणूस म्हणजे मी.

वाण कुणी नाकारत नाही, हे खरंच आहे. पण संक्रांतीला आलेल्या वाणाचं बायका पुढे काय करतात, हे मला बाई असून सुचलं नाही. प्रत्येक घरी कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चिमटे पडलेले असतात आणि कुणाच्या तरी हळदीकुंकवाला ते पुढे सरकतात.

*

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी फरीदाताईंनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बस," त्या म्हणाल्या.

"कुणाकडे जायचंय?" मी विचारलं. निरोप असला की त्या अशाच बसायला सांगतात.

त्यांनी उत्तर दिलं नाही. पडदा माझ्याकडे वळवला. खूण उमटली होती आणि नाव होतं स्वरूपा निकम.

लोकांना मी इतक्या वेळा हे सांगितलं आहे, पण ऐकणाऱ्याला काय होतं ते मला तेव्हा कळलं. कान बंद झाले. फरीदाताईंचे ओठ हलताना दिसत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की दुधाचं पातेलं आपण फ्रिजमध्ये ठेवलंय का.

"स्वादुपिंड," त्या म्हणत होत्या. "जठराच्या मागे दडलेलं असतं. तिथलं दुखणं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पण हे फार लवकर सापडलंय, स्वरूपा. तांदळाच्या दाण्याएवढं असेल. आत्ता शस्त्रक्रिया केली तर निघून जाईल. अगं, ऐकतेस ना?"

भावजींना जे झालं होतं, तेच. मी ऐकलं, आणि मग एकदम मला आठवलं.

"फरीदाताई, मी तो करंडा कधी उघडलाच नाही."

"म्हणजे?"

"खोक्यातसुद्धा हात घातला नाही. रथसप्तमीला घरी हळदीकुंकू केलं तेव्हा एक वाण कमी पडलं. तेव्हा देऊन टाकला."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू? गावोगाव माइक घेऊन ओरडत फिरणारी तू?"

"मला भीती वाटते."

आणि मला हसू आलं. माझं नाही, माझं नाही हे, एवढंच डोक्यात. मी तोंडावर पदर धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हसून झालं असेल तर विचार कर," फरीदाताई म्हणाल्या. "महिन्यानुमहिने एकच श्वास येतोय. रोज सकाळी, न चुकता. कुणी तरी एकच बाई तो करंडा वापरते आहे. ती कोण हे आपल्याला माहीत नाही, आणि तिला काय झालंय हे तिला. पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबलीस, तर निरोप द्यायला कुणी उरणार नाही."

माझं हसू तिथेच थिजलं.

बाहेर पडताना चिटणीस अण्णा पिसाळांनी गाठलं. फरीदाताईंनी त्यांना लगेच कळवलं होतं. चांगले गृहस्थ आहेत. निधीसाठी आयुष्यभर दारोदार फिरले. पण त्या दिवशी ते माझ्याइतकेच घाबरले होते.

"बाई, दिवाळीनंतर मुंबईची मंडळी येणार आहेत, रुग्णालयाच्या देणगीचं बोलायला. करंडे हातोहात फिरतायत, कुणाचा श्वास कुणाच्या नावावर लागतोय, हे बाहेर फुटलं तर देणगी जाईल, आणि बायका मूठसुद्धा टाकायच्या बंद होतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. जरा दमानं घ्या."

"अण्णा, त्या झाकल्या मुठीत एक बाई आहे," मी म्हटलं.

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "गाजावाजा न करता शोधा म्हणजे झालं." ते मलाही पटलं. जाहीर केलं असतं तर शेकडो बायकांनी ती आपणच असं समजून झोप घालवली असती.

*

आमच्याकडचं ते वाण पतसंस्थेतल्या मनाली थोरातला गेलं होतं. मी संध्याकाळी तिच्या दारात उभी राहिले आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"माझं काही नाही ना हो?"

"तुमचं काही नाही. मी दिलेला करंडा कुठे आहे, तेवढं सांगा."

तिने मला आत घेऊन दार लावलं आणि रडायला लागली. तिच्या ईशाचं लग्न जमत आलं होतं. आजकाल पत्रिका राहते बाजूला, आधी मुलीच्या आईचा करंडा काय म्हणतो ते विचारतात. आईचं ते लेकीला लागतं, अशी लोकांची समजूत. ती बहुतेक वेळा खोटी असते, हे मी सभांमधून सांगून थकले. मसूर गावात एक साखरपुडा त्यापायी मोडला होता.

"आमच्या घरात प्रत्येकीच्या नावावर एकेक करंडा आहे," मनाली म्हणाली. "पण उघडला कुणीच नाही. उघडला नाही तर काही निघतही नाही ना! तुमचा आला तसा मी उंब्रजला वहिनीला देऊन टाकला."

मी तिला समजवायला गेले नाही. कुठल्या तोंडाने समजावणार?

तिची वहिनी, सुनंदा, उंब्रजला मसाल्याचं डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, चालवते. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दिवाळीच्या मसाल्याची गर्दी होती. मिरचीचा खाट असा उठला होता की बोलण्याआधी मला ठसकाच लागला. मला ओळखून बायका आपापली पातेली घेऊन मागे सरकल्या. सुनंदाने डंक बंद केलं. ते धडधडणं थांबल्यावर तिथे फारच शांत वाटायला लागलं.

"कुणाकडं आलाईसा?" तिने विचारलं. आवाज मोठा होता, पण हातातला झारा तिने दोन्ही हातांनी धरला होता.

मी तिला बाजूला घेऊन करंड्याचं विचारलं.

"त्यो व्हय! म्या न्हाय उघडला. का उघडू?" एवढ्या वेळात ती सावरली होती. "मूठ मी रोज टाकतीया, इचारा कुणालाबी. माझ्या मुठीनं कुणाचं माणूस वाचत असंल तर वाचूं दे. पर सवताचं कळून घ्यायला छाती लागती बाई. आमच्या ह्यांचं हातपाय चालंनात, डंक मी चालिवती. मला काय निघालं तर ह्या घराचं काय व्हायाचं?"

"लवकर कळलं तर बरं होतं, सुनंदाताई."

"तुमी केलीया का तपासनी?"

मिरचीने माझ्या डोळ्यांत पाणी आलंच होतं, तेवढं बरं झालं. "नाही," मी म्हटलं.

तिने झारा बाजूला ठेवला. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला. कुठल्याही घरी निरोप घेऊन गेल्यावर मला कुणी पाणी विचारलेलं आठवत नाही.

"तुमच्याच पेठंत रेणुका हाय बगा, ब्लाउज शिवती ती. लग्नसराईत तिनं मला घाईनं शिवून दिलं म्हून तिला दिला. जावा बिगीबिगी."

परतीच्या रस्त्यावर मला भीती वाटत होती ती वेगळीच. रेणुका पंचविशीतली मुलगी. लहानपणी आमच्या अंगणात ठिकऱ्या खेळलेली. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. तिला काय आणि कसं सांगायचं, याची मी स्कूटरवर घोकंपट्टी करत होते. पहिलं वाक्य रचायचे आणि ते वाऱ्यावर उडून जायचं.

रेणुका मशिनवर बसली होती. मी दारात दिसले तशी तिने पायडलवरचा पाय काढला.

"काकू? तुम्ही... कामाला आलात की सहज?"

"उंब्रजच्या सुनंदाताईंनी तुला करंडा दिला होता. तो वापरतेस तू?"

"नाही हो. सासूबाई म्हणाल्या, एक मूल होऊ दे, मग काय ते बघ." तिने कोपऱ्यातलं खोकं दाखवलं. निधीचं चित्र असलेलं, ओळखीचं. "खोक्यात मी सुया-बॉबिनी ठेवते. करंडा आक्का घेऊन गेल्या."

"कुठल्या आक्का?"

"अशा काय विचारता? तुमच्या! जयमाला आक्का. मला काजं-बटणं करून देतात ना. इथे पडला होता, त्यांनी उघडून बघितला, म्हणाल्या आरसा छान आहे गं. मी म्हटलं न्या. तो निधीचा आहे हे त्यांना माहीत असेल असंच मला वाटलं. तुमच्या घरातल्या त्या." ती माझ्याकडे बघून उठलीच. "काकू, काय झालं? बसा, बसा इथे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. मी उंब्रजपर्यंत फिरून आले, आणि ती बाई रोज माझ्या डोक्यावर, वरच्या खोलीत, सकाळी उठून माझ्याच नावावर श्वास टाकत होती.

*

घरी आले तेव्हा आक्का ओट्यापाशी अनारशाचं पीठ मळत होत्या. "उशीर केलास. चहा ठेवू?" मी नको म्हटलं. मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. नेहमीसारखं मोकळं होतं. मग हा करंडा त्या कशाला वापरतात? एक आशाही वाटून गेली, की आक्कांनी तो आणखी कुणाला दिला असेल. घाबरलेलं माणूस कशालाही धरतं.

जेवणं झाल्यावर अंगणात ह्यांना सगळं सांगितलं. आमचे हे हायस्कूलला विज्ञान शिकवतात. मला वाटलं, ते म्हणतील लगेच सांग. ते खाली बघत म्हणाले, "वहिनीला सांगू नकोस."

"अहो!"

"दादाला सांगितलं त्या दिवसापासून त्याने ताट पुढे सारलं. रोगाने नंतर मारलं, आधी भीतीने मारलं. वहिनीने ते रोज डोळ्यांनी बघितलंय. तू शपथ घेतलीयस ना?"

"तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. तांदळाएवढं आहे हो ते."

"आणि ती नाही म्हणाली तर? सगळं कळून, वर बसून राहिली तर? मग आपण दोघं रोज काय बघत बसणार आहोत?"

आजवर मी निरोप सांगायचे आणि स्कूटरला किक मारून निघून यायचे. मागे त्या घरात काय होतं, ते कधी बघितलं नव्हतं. इथून मी कुठे जाणार होते?

ते उठताना म्हणाले, "माझं ऐकू नकोस. मी भाऊ म्हणून बोललो. शिक्षक म्हणून विचारलं असतंस तर दुसरं बोललो असतो."

सकाळी उजाडल्यावर मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले. निधीत मला शिकवलं होतं, की निरोप सांगताना आवाज सपाट ठेवा, आधी बसा, समोरच्याच्या हाताला हात लावा. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. भावजी गेले त्या खोलीत जाऊन मी त्यांच्या बायकोला त्यांचाच रोग सांगणार होते, आणि तोही तिने नको म्हटलेलं असताना. खाली परत जावं, चहा ठेवावा, फरीदाताईंना सांगावं की बाई सापडली नाही. असं करता येणं शक्य होतं. कुणालाच कळलं नसतं. हे इतकं सोपं आहे याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली, आणि मी वर चढले.

दार अर्धवट उघडं होतं. आक्का न्हाऊन, केस मोकळे सोडून खिडकीपाशी पाटावर बसल्या होत्या. समोर करंडा. झाकण उघडून आरसा भिंतीला टेकवला होता. त्यांनी अनामिकेने कुंकू घेतलं आणि कपाळावर अगदी बारीक टिकली लावली. मग पुढे वाकून, आरशाला नाक लागेल इतक्या जवळून, स्वतःकडे बघत राहिल्या. त्यांच्या श्वासाने आरशावर वाफ धरली. त्यांनी ती बोटाने पुसली, पुन्हा बघितलं. चेहऱ्यावर काही दुःख वगैरे नव्हतं. एखादी बाई आवरून झाल्यावर आपण बऱ्या दिसतो ना ते बघते, तसं.

हळदीकुंकवाला निधी सगळ्या बायकांना बोलावतो, नवरा असो-नसो. त्याची पत्रकं मी छापली होती. पण आक्का कधी आल्या नाहीत, आणि मी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. रोज सकाळी त्या हे एवढं करत होत्या, आणि खाली यायच्या आधी पुसून टाकत होत्या.

त्यांनी पदराचं टोक उचललं.

"आक्का, पुसू नका," मी म्हटलं.

त्या दचकल्या. हात कपाळावरच राहिला. चेहरा पार उतरला, एखाद्या चोरी पकडल्या गेलेल्या मुलीसारखा. "अगं... सहजच गं. कुणाला सांगू नकोस हं. ह्या वयात हे काय, म्हणतील लोक. तुझ्या ह्यांना तर अजिबात सांगू नकोस."

त्यांना वाटलं, मी कुंकवासाठी आले आहे. त्यांची भीती एवढीशी होती आणि मी केवढी घेऊन उभी होते! मला मोठ्याने रडावंसं वाटलं. मी जाऊन त्यांच्यासमोर फरशीवर बसले, त्यांचा कपाळावरचा हात खाली घेतला आणि माझ्या दोन्ही हातांत धरला.

"आक्का, मी शपथ मोडायला आलेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग करंड्याकडे. पेठेतल्या भिंतींवर निधीची पोस्टरं आहेत. आमच्याच घरात त्यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली आहे. त्यांना दुवा जोडायला वेळ लागला नाही.

"हाच होय गं तो?"

"हाच."

"म्हणजे... तू निरोप घेऊन आलीस. माझ्याकडे."

मी मान हलवली. मग सगळं सांगितलं. तांदळाच्या दाण्याएवढं आहे, भावजींचं लिंबाएवढं झालं होतं, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, शस्त्रक्रियेनंतर जेवणखाण सांभाळावं लागेल. आवाज सपाट बिलकूल राहिला नाही. मी हुंदके देत सांगत होते आणि आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. निरोप कुणाचा आणि समजूत कुणाची, काही ताळतंत्रच राहिला नव्हता.

खाली ह्यांच्या पायांचा आवाज जिन्यापर्यंत यायचा आणि परत फिरायचा.

"तू मला हे कशाला सांगितलंस?" आक्का म्हणाल्या. रागावून नाही. "आता मला दिवसभर हेच दिसणार."

"हो."

"त्यांच्यासारखं जेवण सुटेल माझं."

"मी भरवीन."

"तू?" त्या जराशा हसल्यासारख्या झाल्या. "तुझा करंडा माझ्याकडे आला कसा? तू स्वतः कधी वापरला नाहीस?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "नाही. भीती वाटते मला, आक्का. तुमच्याइतकीच. कदाचित जास्त."

त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. कुंकू कपाळावर तसंच होतं. ते पुसायचं त्या विसरल्या होत्या की त्यांनी ठरवलं होतं, मला कळलं नाही.

"मग ऐक," त्या म्हणाल्या. "मी येते दवाखान्यात. पण मी एकटी भिणार नाही. तुझ्यासाठी दुसरा आण, आणि माझ्यासमोर उघड. नाहीतर मी ह्या पाटावरून उठत नाही."

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात उभी होती. मुंबईची मंडळी येऊन गेली होती. अण्णांच्या डोळ्याला डोळा न भिडवता मी त्या मंडळींना करंडे कसे फिरले ते सांगून टाकलं होतं. देणगीचं त्यांनी अजून काही कळवलं नव्हतं. उंब्रजच्या सुनंदाने आपल्या डंकापाशी बायका जमवून मला बोलायला बोलावलं होतं. मूठ अजून बंद झाली नव्हती, पण उद्याचं कुणी सांगावं?

आक्का जिन्यावरून उतरल्या. इरकलचं लुगडं, हातात पिशवी, कपाळावर ती बारीक टिकली. समोरच्या ओट्यावरच्या दोन बायकांनी ती बघितली आणि एकमेकींकडे बघितलं. आक्कांचा हात एकदा कपाळाकडे गेला, पण तिथे न टेकता पदर सारखा करून खाली आला. त्या रिक्षात बसल्या.

"आणलास?"

मी पर्समधून खोकं काढलं. चिकटपट्टी सोडवताना नखं लागेनात. ह्यांनी रिक्षाच्या पुढच्या सीटवरून मागे वळून बघितलं आणि परत समोर तोंड केलं. करंडा हातात घेतला. गार होता. झाकण उघडलं तेव्हा आरशात माझा चेहरा आला. घाबरलेला आणि वयस्कर, कावळ्यासारखा मुळीच नाही.

ह्या घटकेपर्यंत मला काहीही झालेलं नव्हतं. ह्यापुढे ते मला म्हणता येणार नव्हतं.

"घे, मी आहे," आक्का म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता.

मी वाकले. आरशावर वाफ धरली.